चुलीत गेलेली शिल्पे

1945 चा जानेवारी महिना. पोलंडमधल्या लोड्झ शहरात हाडे गोठवणारी थंडी पडली होती. जर्मन सैन्य शहर सोडून पळाले होते, 19 जानेवारीला रशियन फौजा आत शिरल्या होत्या आणि सव्वापाच वर्षे चाललेली दहशत एकदाची संपली होती. पण दहशत संपली म्हणून काही चूल पेटत नाही. कोळसा नव्हता, सरपण नव्हते. एका घरात आठ वर्षांची मुलगी भुकेने कळवळत होती आणि तिच्या पोटात काहीतरी गरम जायला हवे होते. आईने घरभर नजर फिरवली. जळण्याजोगे एकच काही उरले होते. तिने स्वतःच्या हाताने घडवलेली लाकडी शिल्पे. तिने ती फोडली, चुलीत घातली आणि भांडे वर चढवले.

ही हकिगत त्या मुलीनेच मोठेपणी लिहून ठेवली, म्हणून आज ती माहीत आहे. आईचे नाव काताझिना कोब्रो. विसाव्या शतकातल्या शिल्पकलेचा इतिहास लिहायचा तर जी चार-दोन नावे वगळून चालत नाही, त्यांतले हे एक. पण तिच्या हयातीत हे फार थोड्यांना ठाऊक होते. ज्यांना ठाऊक होते, त्यांच्यातही बहुतेकांच्या दृष्टीने ती एका मोठ्या चित्रकाराची बायको होती.

मॉस्कोतले इस्पितळ

काताझिनाचा जन्म 26 जानेवारी 1898 चा, मॉस्कोतला. वडिलांच्या घराण्याची मुळे जर्मन, वास्तव्य लॅटव्हियातल्या रिगा बंदरातले, आई रशियन. बालपण रिगात गेले आणि पहिले महायुद्ध पेटल्यावर कुटुंब पुन्हा मॉस्कोत आले. म्हणजे जन्माने, रक्ताने वा मातृभाषेने ती पोलिश नव्हतीच. पोलिश ती झाली ती लग्नामुळे आणि स्वतःच्या पसंतीने. ही गोष्ट इथे मुद्दाम सांगून ठेवायला हवी, कारण पुढे हीच गोष्ट तिच्या जिवावर उठली.

युद्धाच्या काळात मॉस्कोची इस्पितळे जखमी सैनिकांनी भरून गेली होती. त्यांतल्या एका खाटेवर व्लादिस्लाव स्त्शेमिन्स्की नावाचा तरुण अधिकारी पडला होता. मिन्स्क शहरातल्या पोलिश घरात जन्मलेला, सेंट पीटर्सबर्गच्या लष्करी अभियांत्रिकी विद्यालयात शिकलेला. स्वतंत्र पोलंड तेव्हा नकाशावर अस्तित्वातच नव्हता, त्यामुळे हा पोलिश माणूस झारच्या सैन्यात लढत होता. 1916 च्या मे महिन्यात आघाडीवर झालेल्या स्फोटाने त्याचा एक हात आणि एक पाय नेला. वय अवघे बावीस. या इस्पितळात जखमींची विचारपूस करायला, त्यांना हवे-नको पाहायला शहरातल्या मुली येत. अठरा वर्षांची काताझिना त्यांतलीच एक. दोघांची ओळख झाली ती तिथे. बरे होता होता त्याने चित्रकलेची पुस्तके वाचायला सुरुवात केली, आणि ती 1917 मध्ये मॉस्कोच्या चित्र, शिल्प व वास्तुकला विद्यालयात दाखल झाली.

तो काळच असा होता, की कालचे काहीच उद्या टिकेल असे वाटत नव्हते. झार गेला, क्रांती झाली, विद्यालयाचे नाव बदलले, शिक्षक बदलले. काझिमिर मालेविच या चित्रकाराने 1915 मध्येच पांढऱ्या पार्श्वभूमीवर नुसता काळा चौकोन रंगवून तो चित्र म्हणून भिंतीवर टांगला होता. चित्रात माणूस नको, झाड नको, देव नको. रंग आणि आकार एवढेच पुरे, असे म्हणणाऱ्यांची एक पिढी त्याच्याभोवती तयार होत होती. व्लादिस्लाव आणि काताझिना 1920 च्या सुमारास स्मोलेन्स्क या गावी गेले, तिथे त्यांनी संसार थाटला आणि मालेविचच्या गटाची एक शाखा चालवली. पोट भरण्यासाठी सरकारी भित्तिपत्रके काढायची, शिकवायचे आणि उरलेल्या वेळात आपले काम करायचे. काताझिनाने या दिवसांत केलेली काही शिल्पे तर जमिनीवर ठेवायची नव्हतीच. ती छतापासून टांगायची होती. शिल्पाला बैठक लागते, चौथरा लागतो, हा हजारो वर्षांचा नियम तिने असा वयाच्या तेविसाव्या वर्षी मोडून टाकला. ती टांगती शिल्पे हरवली. राहिली फक्त त्यांची छायाचित्रे.

रशियातले वारे फिरू लागले, तसे दोघांनी 1922 च्या सुरुवातीला सीमा ओलांडून पोलंड गाठला. हा देश तीन-सव्वातीन वर्षांपूर्वीच पुन्हा जन्माला आला होता. 1924 मध्ये रिगात त्यांचे रीतसर चर्चमध्ये लग्न लागले आणि काताझिना पोलंडची नागरिक झाली.

मोकळ्या जागेचे शिल्प

पुढली दहा वर्षे कोब्रोच्या आयुष्यातली सर्वांत सुपीक, आणि राहणीच्या दृष्टीने जवळजवळ फकिरीची. राजधानी वॉर्सात कलावंतांचे गट निघत होते. हे दोघे त्यांत अग्रभागी होते. पण राहायचे ते कुठल्या तरी आडगावात, शाळामास्तरकीवर. श्चेकोचिनी, ब्झेझिनी, कोलुश्की अशी ती गावे. खोली थंड, पगार तुटपुंजा, नवरा एका हाताचा आणि एका पायाचा. पाणी भरण्यापासून कोळसा वाहण्यापर्यंत घरातली अंगमेहनतीची कामे अर्थातच बायकोच्या वाट्याला. त्यातून उरलेल्या वेळात ती पोलादी पत्रे कापत होती, वाकवत होती, जोडत होती आणि रंगवत होती.

तिने नेमके काय केले, हे समजून घेण्यासाठी कलेचे शास्त्र यावे लागत नाही. शिल्प म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मूर्ती येते, नाहीतर चौकातला घोड्यावरचा पुतळा. दगडाचा किंवा धातूचा भरीव आकार आणि त्याच्या बाहेर मोकळी हवा. आकार संपला की शिल्प संपले. कोब्रोला हे मान्य नव्हते. तिचे म्हणणे असे, की बाहेरची मोकळी जागा आणि शिल्प यांच्यामध्ये भिंत उभी करणे हीच मूळ चूक आहे. शिल्प हा गोळा नसावाच. जी जागा सगळीकडे पसरलेली आहे, तिच्यातलाच तो एक तुकडा असावा. पत्रे असतील ते केवळ त्या जागेला वळण देण्यासाठी, वाहत्या पाण्याला बांध घालावा तसे.

तिचे 1929 सालचे ‘अवकाशरचना 4’ हे शिल्प पाहावे. उंची 40 सेंटिमीटर, रुंदी 40, लांबी 64. एखाद्या बऱ्यापैकी मोठ्या ट्रंकेएवढे. काही पत्रे उभे, काही आडवे, एखादा अर्धगोलात वळलेला. रंग लाल, पिवळा, निळा आणि त्यांच्या जोडीला काळा, पांढरा, करडा. समोरून पाहिले तर लाल पत्रा पुढे येतो. दोन पावले बाजूला सरकले की तोच पत्रा कडेवर येऊन रेघेएवढा बारीक होतो आणि त्याच्यामागे लपलेली निळी बाजू उघडी पडते. आणखी पुढे गेले की आणखी निराळेच. देवळात मूर्तीचे दर्शन समोरून होते आणि प्रदक्षिणा नंतर. इथे प्रदक्षिणा हेच दर्शन. पाहणारा जागचा हलला नाही, तर त्याने शिल्प पाहिलेच नाही. चालायला जो वेळ लागतो, तो वेळसुद्धा तिने शिल्पाचा भाग मानला होता.

हे सारे मनाला येईल तसे नव्हते. 1931 मध्ये नवरा-बायकोने मिळून एक छोटे पुस्तक काढले. नाव भारदस्त: ‘अवकाशाची रचना. काल-अवकाशाच्या लयीचे गणित’. त्यात त्यांनी 8 ला 5 हे प्रमाण धरले होते. लांबीचे रुंदीशी, मोठ्या पत्र्याचे लहान पत्र्याशी, वाकवलेल्या भागाचे सरळ भागाशी नाते त्या एका प्रमाणातून काढायचे. वर दिलेली मापे पाहिली तर 64 आणि 40 यांच्यात हेच प्रमाण दिसते. एखाद्या गवयाने ठेका धरून गावे, तशी कोब्रो या ठेक्यावर पत्रे कापत होती.

व्लादिस्लाव तिकडे कॅनव्हासवर आपले गणित मांडत होता. त्याचे म्हणणे, चित्रात कशाचेच कशाशी भांडण नको; उजेड-अंधाराचे नको, पुढच्या-मागच्याचेही नको. सगळा पृष्ठभाग एकजीव हवा. त्याची त्या काळातली चित्रे विणलेल्या वस्त्रासारखी दिसतात. कोणत्याही एका जागी नजर अडत नाही. गंमत अशी, की चित्रात भांडण नको म्हणणाऱ्या या माणसाच्या घरात पुढे जे झाले, ते त्याच्या कोणत्याही सिद्धान्तात बसणारे नव्हते.

कोब्रोला कला दिवाणखान्यापुरती ठेवायची नव्हती. शिल्पातून मिळालेले ज्ञान घर बांधताना, शाळा बांधताना, माणसाच्या रोजच्या हालचाली सुकर करताना वापरले गेले पाहिजे, असा तिचा आग्रह होता. 1932 ते 1934 या काळात तिने एका बालवाडीच्या इमारतीची प्रतिकृती तयार केली. तिच्याच शिल्पांसारखी मोकळी, सगळीकडून उजेड येणारी. ती बालवाडी कधी बांधली गेली नाही.

गिरण्यांच्या शहराला मिळालेली देणगी

1931 पासून दोघे लोड्झला राहायला आले. नाव लिहितात असे, पण पोलिश माणूस त्याचा उच्चार ‘वूच’ असा काहीसा करतो. अर्थ होडी. होडी चालावी अशी नदी मात्र या शहरात नाही. हे कापडगिरण्यांचे शहर. विटांच्या उंच भिंती, धुराडी, भोंगे, मालकांचे महाल आणि कामगारांच्या चाळी. पोलिश, जर्मन, ज्यू आणि रशियन असे सगळे इथे पोटापाण्यासाठी आलेले. कलेच्या नकाशावर या गावाचे नाव कोणी शोधले नसते.

तिथे या दोघांनी, हेन्रिक स्ताझेव्स्की हा चित्रकार आणि दोन कवी यांच्या साथीने, एक अचाट उद्योग केला. पॅरिसपासून सगळीकडच्या नव्या कलावंतांना त्यांनी पत्रे घातली. मजकूर साधा होता. आम्ही एका औद्योगिक शहरात नव्या कलेचे संग्रहालय उभारत आहोत, पैसे देऊ शकत नाही, तुमची एखादी कलाकृती भेट द्या. आणि कलाकृती येऊ लागल्या! फेर्नां लेजे, मॅक्स अर्न्स्ट, हान्स आर्प, सोफी टॉयबर-आर्प, कुर्ट श्विटर्स, तेओ व्हान डूसबर्ग, अलेक्झांडर काल्डर. आज यांतल्या एकेकाच्या कामासाठी लिलावात कोट्यवधी मोजले जातात. 15 फेब्रुवारी 1931 रोजी लोड्झच्या नगरपालिकेच्या संग्रहालयात हा संग्रह लोकांसाठी खुला झाला. न्यूयॉर्कचे प्रसिद्ध आधुनिक कला संग्रहालय त्याआधी अवघे सव्वा वर्ष सुरू झाले होते, तेही धनाढ्यांच्या पाठबळावर. इथे पाठबळ होते ते टपालाच्या तिकिटांचे. पुढच्या आठ वर्षांत संग्रह शंभराच्या वर गेला.

निका

28 नोव्हेंबर 1936 रोजी त्यांना मुलगी झाली. नाव याकोबिना, हाक मारायची निका. लग्नानंतर बारा वर्षांनी, आईच्या वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षात झालेली ही मुलगी नाजूक होती, सारखी आजारी पडे. कोब्रोने पत्रे कापायची कात्री खाली ठेवली. त्याच वर्षी पॅरिसमधून निघालेल्या एका जाहीरनाम्यावर युरोपातल्या नामांकित कलावंतांबरोबर तिची सही आहे. म्हणजे नाव सीमेपार पोहोचत होते, आणि नेमके तेव्हाच काम थांबले. नवऱ्याचे थांबले नाही. तो शिकवत राहिला, रंगवत राहिला, लिहीत राहिला. हे त्या काळात, त्या देशातच घडत होते असे नाही. पण तिची जी शिल्पे झालीच नाहीत, त्यांचा हिशेब कुठल्याच पुस्तकात सापडत नाही, एवढे म्हणायला हरकत नसावी.

1939 च्या सप्टेंबरात हिटलरने पोलंडवर झडप घातली. तिघे पूर्वेला व्लादिस्लावच्या नातेवाइकांकडे, विलेइका गावी पळाले. तिथे रशियनांचा अंमल आला. 1940 च्या मे महिन्यात ते लोड्झला परतले, तर शहराचे नावसुद्धा जर्मनांनी बदलून टाकलेले. शहराच्या एका भागात लाखाहून अधिक ज्यू कोंडले गेले होते. आपल्या ओळखीची, शेजारची माणसे नाहीशी होताना या कुटुंबाने पाहिली. व्लादिस्लावने युद्धानंतर ‘माझ्या ज्यू मित्रांना’ या नावाने जी चित्रमालिका केली, ती या अनुभवातून आलेली. ती आज जेरुसलेमच्या याद वाशेम या स्मारक-संग्रहालयात आहे.

परतल्यावर कळले, की मागे राहिलेल्या शिल्पांची जर्मनांनी अडगळ म्हणून विल्हेवाट लावली आहे. कोब्रो कचऱ्याच्या ढिगाकडे गेली आणि वाकलेले, रंग उडालेले पत्रे उचलून परत आणू लागली. आज जगातल्या संग्रहालयांत काचेआड, मंद प्रकाशात ठेवलेल्या काही शिल्पांचा प्रवास असा उकिरड्यावरून झालेला आहे. धातूची होती म्हणून ती वाचली. लाकडाची होती, त्यांची गत सुरुवातीला सांगितलीच.

जर्मनांच्या राजवटीत माणसाची किंमत त्याच्या वंशाच्या नोंदीवर ठरे. कोणत्या यादीत नाव आहे, त्यावर रेशन ठरायचे, राहायची जागा ठरायची, कधी कधी जगणेही ठरायचे. पोलिश म्हणून नोंदलेल्यांचे हाल सर्वाधिक असलेल्यांत होते. कोब्रोने घर सावरण्यासाठी रशियन म्हणून नोंद करून घेतली. जन्म मॉस्कोचा, आई रशियन. त्यात खोटे काही नव्हते. पण ही एक सही तिच्या संसाराच्या मुळावर आली.

कुबडी आणि कोर्ट

युद्ध संपल्यावर माणसे पुन्हा उभी राहिली, हे घर मात्र कोसळले. नवऱ्याला ती सही म्हणजे पोलंडशी केलेली फितुरी वाटत होती. मुलीशी ती रशियनमध्ये बोलते, हाही राग होता. युद्धाची पाच वर्षे, उपासमार, एका हाताने आणि एका पायाने काढलेले अपमान हे सगळे कुठे तरी बाहेर पडायचेच होते. ते बायकोवर पडले. आपला बाप आईला कुबडीने मारत असे, असे निकाने आठवणींत स्पष्ट लिहिले आहे. ज्या कुबडीवर तो आयुष्यभर उभा राहिला, ती कुबडी. थोड्याच काळात दोघे वेगळे झाले. मग मुलीच्या ताब्यासाठी कोर्ट. आईला मुलगी वाढवण्याचा अधिकारच असू नये, कारण ती तिला पोलिश वळण लावत नाही, असा युक्तिवाद.

याहून वाईट पुढे होते. राष्ट्रीयत्वाशी प्रतारणा केली, या आरोपाखाली सरकारनेच तिच्यावर खटला भरला. आधाराला जुनी सही होतीच. सहा महिन्यांची शिक्षा झाली. तिने अपील केले आणि त्यात ती निर्दोष सुटली. लोड्झला जगातल्या पहिल्या काही आधुनिक कलासंग्रहांपैकी एक मिळवून देणाऱ्यांपैकी एका बाईला, त्याच शहराच्या कोर्टात, आपण या देशाच्या आहोत हे सिद्ध करावे लागले.

याच धामधुमीत, 1948 मध्ये, तिने बारा वर्षांनी पुन्हा शिल्पाला हात घातला. स्त्रीदेहाच्या काही लहान आकृती केल्या. पत्रे नाहीत, गणित नाही; हाताच्या बोटांनी घडवलेल्या, अंग आवळून बसलेल्या बायका. भरीव आकाराला नाही म्हणणारी बाई शेवटी त्याच आकाराकडे वळली. याचा अर्थ समीक्षकांनी नाना प्रकारे लावला आहे.

त्याच वर्षी जूनमध्ये लोड्झचे कलासंग्रहालय पोझ्नान्स्की या गिरणीमालकाच्या जुन्या महालात सुरू झाले. त्यातले एक दालन व्लादिस्लावने आखले होते. भिंती, छत सारे लाल, निळ्या, पिवळ्या, काळ्या, पांढऱ्या पट्ट्यांत रंगवलेले, आणि त्या रंगांच्या मधोमध ठेवायला त्याने निवडली होती कोब्रोची शिल्पे. घरात जिच्याशी बोलणे उरले नव्हते, कोर्टात जिच्याविरुद्ध उभा होता, तिच्या कामासाठी त्याने ही खोली रंगवली. त्याआधी 1945 मध्ये आपल्या कामाबरोबर तिचे कामही संग्रहालयाला देऊन टाकायची व्यवस्था त्यानेच केली होती. माणूस म्हणून तो तिच्याशी कसा वागला, याबद्दल कोणी सारवासारव करू नये. पण तिची शिल्पे काय योग्यतेची आहेत, हे त्या शहरात सर्वांत नीट कळलेला माणूसही तोच होता. या दोन गोष्टी एकमेकींना खोडत नाहीत, आणि म्हणूनच ही कहाणी वाचताना गळ्याशी काहीतरी अडकते.

ती खोलीही टिकली नाही. पोलंडमध्ये कम्युनिस्ट राजवट घट्ट झाली आणि कलेने कामगारांची, ट्रॅक्टरची, पुढाऱ्यांची ओळखू येणारी चित्रेच काढावीत असा हुकूम निघाला. 1950 च्या जानेवारीत संस्कृतिमंत्र्यांच्या आदेशाने व्लादिस्लावला त्याने स्वतः उभारायला मदत केलेल्या कलाविद्यालयातून काढून टाकले. त्याच वर्षी दालनाच्या रंगीत भिंतींवर रंगाचा हात फिरला, शिल्पे हलवली गेली. एवढा मोठा कलावंत दुकानांच्या काचा सजवून पोट भरू लागला.

कोब्रोला तोवर कर्करोगाने गाठले होते. 21 फेब्रुवारी 1951 रोजी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी ती गेली. लोड्झच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती दफनभूमीत तिला पुरले. 26 डिसेंबर 1952 रोजी, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, क्षयाने व्लादिस्लावही गेला. निका तेव्हा सोळा वर्षांची होती.

नंतर

वारे पुन्हा फिरले. स्टालिनच्या मृत्यूनंतर बंधने सैल झाली आणि 1956 च्या अखेरीस लोड्झमध्ये दोघांच्या कामाचे एकत्र प्रदर्शन भरले. 1957 मध्ये पॅरिसच्या एका नामांकित कलादालनात पोलिश अमूर्त कलेचे प्रदर्शन लागले, त्यातही कोब्रोचे काम होते. 1960 मध्ये व्लादिस्लावचा विद्यार्थी बोलेस्लाव उत्किन याने ती पुसलेली खोली पुन्हा होती तशी रंगवली. हरवलेल्या टांगत्या शिल्पांच्या प्रतिकृती जुन्या छायाचित्रांवरून मापे काढत 1970 च्या दशकात तयार झाल्या. ‘अवकाशरचना’ मालिकेतली तिची वाचलेली शिल्पे बहुतांश लोड्झच्याच संग्रहालयात आहेत.

निका डॉक्टर झाली, मानसोपचारतज्ज्ञ. मनाच्या दुखण्यांवर इलाज करणाऱ्या या बाईला स्वतःच्या लहानपणाविषयी लिहायला खूप वर्षे लागली. तिचे आई-वडिलांवरचे पुस्तक 1991 मध्ये निघाले. नावात तीनच शब्द महत्त्वाचे होते: प्रेम, कला आणि द्वेष. तिने बापाला राक्षस केले नाही की आईला देवी केले नाही. चुलीत गेलेल्या शिल्पांची गोष्ट जगाला तिच्यामुळे कळली. 2001 मध्ये ती वारली.

लोड्झच्या कलाविद्यापीठाला आज स्त्शेमिन्स्कीचे नाव आहे. विख्यात दिग्दर्शक आंद्रेज वायदा यांनी आयुष्यातला शेवटचा चित्रपट, 2016 सालचा ‘पोविदोकी’, काढला तोही त्याच्याच शेवटच्या वर्षांवर. सरकारने चिरडलेला ताठ कण्याचा कलावंत त्यात दिसतो आणि चित्रपट मनाला चटका लावतो. मुलगीही त्यात आहे. कोब्रो मात्र पडद्यावर येत नाही. येते ती तिच्या मरणाची बातमी आणि तिची अंत्ययात्रा. एवढ्या मोठ्या दिग्दर्शकालाही या गोष्टीत तिला जागा करून देता आली नाही, याची पोलंडमध्ये तेव्हा बरीच चर्चा झाली.

पुढच्याच वर्षी माद्रिदच्या रेना सोफिया संग्रहालयात दोघांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले आणि 2018 च्या ऑक्टोबरात पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात. कचऱ्यातून उचललेले ते लाल-निळे पत्रे शहराशहरांतून हिंडले आणि लोक त्यांच्याभोवती फिरून पाहत राहिले. दोन्ही प्रदर्शनांच्या नावात कोब्रो आधी होती, स्त्शेमिन्स्की नंतर.